पावसानंतर नदी किती घाण होणार? अंदाज बांधायचा म्हणजे नक्की काय करायचं

पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन २६ जुलै २०२४ ला भर पावसात झालं, हे तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. ३० तारखेला सकाळी आठ वाजता पुरुषांची ट्रायथलॉन होती आणि तिचा पोहण्याचा टप्पा सीन नदीत होता. २८ आणि २९ तारखेचे पोहण्याचे सराव रद्द झाले. ३० ला पहाटे, शर्यतीला काही तास उरलेले असताना, आयोजकांनी शर्यतच एक दिवस पुढे ढकलली. पाणी मर्यादेत आलेलं नव्हतं. शेवटी ३१ तारखेला महिला आणि पुरुष, दोन्ही शर्यती झाल्या. नदी पोहण्याजोगी करण्यासाठी तोवर सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, यात अंदाज कशाला हवा? पाणी घ्यायचं, तपासायचं, निर्णय द्यायचा. अडचण अशी की ई. कोलाय मोजायची नेहमीची पद्धत जिवाणू वाढवून मोजण्याची आहे आणि तिला जवळपास एक दिवस लागतो. म्हणजे आज पहाटे हातात असलेला आकडा कालच्या नदीचा असतो, आणि मध्ये पाऊस पडून गेला की त्या आकड्याचा फार उपयोग नसतो. म्हणून अंदाज लागतो.

हा विषय माझ्या पीएचडीच्या विषयाला लागून आहे. 'पाऊस आणि गटारांचा डेटा घेऊन मशीन लर्निंगने प्रदूषणाचा अंदाज' असा विषय घेऊ का, असं बरेच जण विचारतात. जरूर घ्या. पण त्याआधी आत काय काय दडलंय ते बघू. मॉडेल कुठलं वापरायचं हा प्रश्न यात बराच नंतर येतो.

गटाराला सांडवा कशासाठी?

पॅरिसचं भुयारी गटारांचं जाळं एकोणिसाव्या शतकात ओस्मानच्या काळात, बेलग्रां या इंजिनिअरच्या देखरेखीखाली उभं राहिलं. आज ते सुमारे २,६०० किलोमीटर आहे. जुन्या शहरात घरातलं मैलापाणी आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकाच गटारातून जातं. लंडन, न्यूयॉर्क आणि आपल्या कोलकात्याच्या जुन्या भागातही हीच पद्धत आहे. तिला एकत्रित गटारव्यवस्था म्हणू.

कोरड्या दिवशी सगळं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. जोराचा पाऊस आला की गटार भरतं. ते पाणी घरांत, तळघरांत उलटं येऊ नये म्हणून गटाराला ठरावीक उंचीवर एक तोंड ठेवलेलं असतं. धरणाला सांडवा असतो तसाच हा गटाराचा सांडवा. पातळी त्याच्या वर गेली की जास्तीचं पाणी सरळ नदीत. म्हणजे हा बिघाड नाही, व्यवस्था तशी बांधलेलीच आहे.

किती पाणी, याचा अंदाज यायला एक हिशेब करू. आकडे मी सोपे घेतलेत.

समजा १०० हेक्टरचा, म्हणजे एक चौरस किलोमीटरचा भाग आहे. लोकवस्ती २०,००० आणि माणशी रोजचं १५० लिटर सांडपाणी. दिवसाला झाले ३,००० घनमीटर, तासाला १२५ घनमीटर. आता ताशी १० मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे कोकणातला माणूस याला पाऊससुद्धा म्हणणार नाही. एक चौरस किलोमीटरवर तासाला १०,००० घनमीटर पाणी पडलं. निम्मं जमिनीत आणि खड्ड्यांत राहिलं असं धरलं तरी ५,००० घनमीटर गटारात आलं. सांडपाण्याच्या चाळीस पट!

पुढची वाहिनी कोरड्या दिवसाच्या सहापट पाणी नेऊ शकते असं धरा. ती ७५० घनमीटर नेईल. एकूण ५,१२५ मधून ७५० वजा केले की ताशी ४,३७५ घनमीटर सांड नदीत. साधासा पाऊस आणि तरी ही गत. म्हणून पॅरिसने ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ ५०,००० घनमीटरची भूमिगत टाकी बांधली. पावसाचा जोर असेपर्यंत पाणी साठवायचं, ओसरला की हळूहळू शुद्धीकरण केंद्राकडे सोडायचं. आपल्या हिशेबातल्या सांडीने ही टाकी साडेअकरा तासांत भरेल, आणि तो फक्त एका चौरस किलोमीटरचा हिशेब आहे.

पाण्याचा हिशेब जमतो, घाणीचा जमत नाही

किती पाणी येईल, हा भाग तुलनेने सोपा. पाऊस माहीत आहे, क्षेत्रफळ माहीत आहे, पाइपांचे व्यास आणि उतार माहीत आहेत. पाणी कुठे गायब होत नाही, त्यामुळे जमाखर्च जुळवता येतो.

आता घाणीचा हिशेब करा. वरच्या उदाहरणात सांडपाणी एकूण पाण्याच्या एक्केचाळिसाव्या हिश्श्याइतकं आहे. मैलापाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरला, तर सांडीत तो फक्त ६ च्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात सांडीचे नमुने घेतले की अनेकदा याच्या कितीतरी पट जास्त निघतो. मग बाकीची घाण आली कुठून?

दोन ठिकाणांहून. पहिलं म्हणजे रस्ते आणि छपरं: टायरचा भुगा, तेल, धूळ, कुत्र्यांची विष्ठा. दुसरं ठिकाण खुद्द गटाराचा तळ. कोरड्या दिवसांत प्रवाह संथ असतो, मैला खाली बसतो. पावसाचा लोंढा आला की तो साचलेला गाळ उखडून घेऊन जातो. त्यामुळे आज नदीत किती घाण जाणार हे आजच्या पावसावर तर ठरतंच, पण त्याआधी किती दिवस कोरडे गेले यावरही ठरतं. पाऊस-डेटा हातात आला की 'मागच्या पावसाला किती तास झाले' हा कॉलम आधी तयार करा, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच.

मॉडेलमध्ये हे 'बिल्डअप' आणि 'वॉशऑफ' अशा दोन समीकरणांनी लिहितात. घाण साचताना आधी भराभर साचते, मग एका कमाल पातळीला टेकते. धुऊन जाताना पावसाच्या जोराप्रमाणे आणि शिल्लक घाणीप्रमाणे जाते. अमेरिकेत सार्टर आणि बॉइड यांनी रस्त्यांवरची घाण प्रत्यक्ष गोळा करून १९७२ मध्ये जो अहवाल दिला, त्याचा आधार या समीकरणांना आहे. समीकरणं दिसायला छान. पण त्यातले गुणांक गल्लीगणिक आणि ऋतूगणिक बदलतात, आणि ते थेट मोजता येत नाहीत.

इथे एक लोकप्रिय समज तपासून घेऊ. 'पहिल्या लोंढ्यातच सगळी घाण जाते, नंतरचं पाणी स्वच्छ असतं', याला 'फर्स्ट फ्लश' म्हणतात. ऐकायला पटतं. पण 'सगळी' म्हणजे किती आणि 'पहिला' म्हणजे कुठवर? फ्रान्समधल्या बर्ट्रां-क्राजेव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९८ च्या पेपरमध्ये याला कडक व्याख्या दिली: पहिल्या ३० टक्के पाण्यात किमान ८० टक्के घाण गेली तरच फर्स्ट फ्लश म्हणायचं. ही कसोटी लावून मोजलेले पाऊस तपासले, तर तिला उतरणारे फारच थोडे निघाले. याचा परिणाम थेट पैशांवर होतो. 'पहिलं पाणी तेवढं साठवलं की झालं' असं धरून छोटी टाकी बांधली आणि फर्स्ट फ्लश झालाच नाही, तर टाकी भरल्यावरही घाण येतच राहील.

घाण म्हणजे कोणती घाण?

'वॉटर पोल्यूशन प्रेडिक्शन' हे शीर्षक म्हणून चालेल, संशोधनाचा प्रश्न म्हणून चालणार नाही. कोणाला, केव्हा, कशाचा त्रास होणार ते आधी ठरवा.

पोहणाऱ्याला जिवाणूंचा त्रास. ट्रायथलॉनमध्ये ई. कोलायची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १,००० आहे. कच्च्या मैलापाण्यात हाच आकडा दहा लाख ते एक कोटीच्या घरात असतो. ४० लाख धरा. आपल्या उदाहरणात एक्केचाळीस पट पातळ होऊनही सांडीत साधारण एक लाख उरतात. मर्यादेत यायला अजून शंभर पट पातळ व्हायला हवं. म्हणजे सांडीच्या प्रत्येक घनमीटरमागे नदीत शंभर घनमीटर पाणी हवं, तेही आधीपासून स्वच्छ असलेलं. ऊन, वेळ आणि प्रवाह यांनी जिवाणू कमी होतात, पण त्याला दिवस लागतात. पॅरिसमध्ये पाऊस थांबल्यावरही शर्यत लगेच का घेता आली नाही, ते यातून कळतं.

माशांना त्रास ऑक्सिजन संपण्याचा. ऑगस्ट २००४ मध्ये लंडनला जोरदार पाऊस झाला, गटारांची सांड थेम्समध्ये गेली आणि हजारो मासे मेले. घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. पण तो लगेच तळाला जात नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी आणि खालच्या अंगाला जातो. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीवर काम करून १९२५ मध्ये याचं गणित मांडलं. बी.टेक.ला तुम्ही ते परीक्षेपुरतं केलं असेल. ते परत काढा, इथे लागणार आहे.

एकाच पावसाचे हे दोन परिणाम आहेत. दोघांचं मोजमाप वेगळं, वेळ वेगळी, नदीतली जागाही वेगळी. एका मॉडेलने दोन्ही सांगायचा हट्ट धरू नका.

डेटा नक्की काय मोजतो, ते वाचा

इंग्लंडमध्ये २०२३ च्या अखेरीपर्यंत चौदा हजारांहून जास्त सांडव्यांवर सेन्सर बसले. त्या वर्षी ४,६४,०५६ वेळा सांड झाल्याची नोंद आहे, एकूण वेळ सुमारे ३६ लाख तास. डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. विद्यार्थ्याच्या तोंडाला पाणी सुटावं असा!

पण हे सेन्सर सांड केव्हा सुरू झाली आणि केव्हा थांबली एवढंच सांगतात. किती पाणी गेलं ते नाही, त्यात किती घाण होती तेही नाही. दहा तास नुसती धार लागलेली असेल आणि वीस मिनिटांत लोंढा गेला असेल, तर या डेटात पहिली सांड तीस पट मोठी दिसेल. या डेटावर शिकवलेलं मॉडेल सांडीचा अंदाज देईल, आणि तेही उपयोगी काम आहे. फक्त पेपरच्या शीर्षकात 'प्रदूषणाचा अंदाज' असं लिहू नका. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

उलट बाजूला, पाण्याच्या गुणवत्तेचे प्रत्यक्ष नमुने फार थोडे असतात. भर पावसात, बऱ्याचदा रात्री, सांडव्यापाशी जाऊन दर दहा मिनिटांनी बाटल्या भरायच्या असतात. ऑटोसॅम्पलर असला तरी त्याची नळी चिंध्यांनी तुंबते. म्हणून पाऊस लाखो ओळींचा आणि गुणवत्ता पंधरा-वीस घटनांची, असा विषम डेटा हातात येतो. पाऊस कितीही बारकाईने मोजला, तरी गुणवत्तेबद्दल तुमच्याकडे पंधरा-वीस घटनाच आहेत.

मॉडेलचे दोन मार्ग

पहिला मार्ग भौतिकशास्त्राचा. अमेरिकेच्या ईपीएचं एसडब्ल्यूएमएम (बोलताना सगळे 'स्विम' म्हणतात) हे सॉफ्टवेअर १९७१ पासून आहे आणि फुकट मिळतं. पाणलोट, पाइप, सांडवे हे सगळं काढायचं, पाऊस द्यायचा, ते प्रवाह आणि घाण दोन्ही काढून देतं. याचा फायदा असा की 'इथे टाकी बांधली तर काय होईल' हे विचारता येतं. तोटा कॅलिब्रेशनमध्ये. कमाल साठा आणि धुण्याचा गुणांक यांच्या वेगवेगळ्या जोड्या तुमच्या मोजलेल्या पावसावर जवळपास सारखाच आलेख देतात. मग नवा, मोठा पाऊस आला की त्याच जोड्या भलतीकडे जातात. कीथ बेव्हन यांनी याला 'इक्विफायनॅलिटी' म्हटलं. म्हणून एकच 'सर्वोत्तम' जोडी सांगून थांबू नका. चालू शकणाऱ्या सगळ्या जोड्या घ्या आणि अंदाज पट्ट्याच्या रूपात द्या.

दुसरा मार्ग डेटाचा. पाऊस, कोरडे दिवस, नदीचा प्रवाह, गढूळपणा, तापमान हे सगळं द्यायचं आणि रिग्रेशन, रँडम फॉरेस्ट किंवा एलएसटीएमला नातं शोधू द्यायचं. अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या किनाऱ्यांवर यूएसजीएसची 'नाऊकास्ट' पद्धत बरीच वर्षं अशीच चालते. ती साध्या रिग्रेशनवर उभी आहे आणि लोकांना सकाळी 'आज पाण्यात उतरावं का' हे सांगते. मात्र शहरात नवी टाकी किंवा बोगदा झाला की कालचं नातं तुटतं. ऑस्टरलिट्झची टाकी मे २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या दहा वर्षांच्या डेटावर शिकलेल्या मॉडेलला ती माहीतच नसणार.

९० टक्के अचूक आणि तरी निरुपयोगी

समजा मोसमाचे १०० दिवस आहेत, त्यात १० दिवस पाणी खराब. एक मॉडेल रोज 'पाणी चांगलं' एवढंच म्हणतं. त्याची अचूकता ९० टक्के! खराब दिवस पकडले शून्य. दुसऱ्या मॉडेलने १० पैकी ८ खराब दिवस पकडले, पण १२ चांगल्या दिवशीही उगाच धोक्याची घंटा वाजवली. त्याचे बरोबर दिवस ८ अधिक ७८, म्हणजे ८६. टक्केवारीत ते हरलं. पण पोहणाऱ्याच्या पोटाचा विचार केला तर कुठलं हवं?

म्हणून निकालाच्या तक्त्यात नुसती अचूकता देऊ नका. किती खराब दिवस सुटले आणि किती वेळा उगाच बंदी घातली, हे वेगवेगळं द्या. दोन्ही चुकांची किंमत वेगळी असते आणि ती कोण मोजणार हेही वेगळं. एक चूक पोहणाऱ्याच्या पोटावर जाते, दुसरी सुट्टी काढून आलेल्या माणसाच्या हिरमोडावर.

अजून तीन गोष्टी, ज्या रिव्ह्यूअर हमखास बघतात:

१. ट्रेनिंग आणि टेस्ट वेगळे करताना ओळी सरमिसळ करून वाटू नका. एकाच पावसातली ४.१० ची नोंद ट्रेनिंगमध्ये आणि ४.२० ची टेस्टमध्ये गेली, तर मॉडेलने पेपर आधीच बघितलेला असतो. अख्खे पाऊस वेगळे ठेवा. जमलं तर अख्खं वर्ष.

२. अंदाज देताना जे माहीत असेल तेच मॉडेलला द्या. पहाटे चारला निर्णय घ्यायचा असेल, तर सकाळी सहाचा मोजलेला पाऊस इनपुटमध्ये नको. त्या जागी हवामानाचा अंदाज येईल, आणि त्या अंदाजाची चूक तुमच्या निकालात दिसायला हवी.

३. बेसलाइन ठेवा. 'काल १० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर आज बंद' असा एका ओळीचा नियम आधी चालवा. तुमचं न्यूरल नेटवर्क त्याला हरवत नसेल तर ते कळलेलं बरं.

हेच मॉडेल मुंबई-पुण्याला लावता येईल का?

जसंच्या तसं नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मैलावाहिनी आणि पर्जन्यवाहिनी कागदावर वेगळ्या आहेत. प्रत्यक्षात नाल्यांमधून कच्चं मैलापाणी बारा महिने वाहतं. पॅरिसला कोरडा दिवस म्हणजे चांगला दिवस. मिठी किंवा मुठेच्या काठी तसं म्हणता येत नाही.

त्यामुळे पावसाचा अर्थच बदलतो. सुरुवातीला नाल्याचा गाळ उखडून घाण वाढू शकते, मग भरपूर पाणी आल्यावर ती पातळ होऊ शकते. इथे सांद्रता आणि भार यांची गल्लत करू नका. लिटरमागची घाण निम्मी झाली आणि पाणी वीसपट झालं, तर समुद्रात जाणारी एकूण घाण दहापट झाली. आलेखात मात्र 'पावसाने पाणी सुधारलं' असं दिसेल. मुंबईत यात भरतीची भर. भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही, उलट शहरात तुंबतं, म्हणून भरतीचं वेळापत्रकसुद्धा इनपुट आहे. आणि मग त्रास फक्त पोहणाऱ्याला राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. घाण पाण्यातून चालत घरी गेलेली माणसं नदीत पोहायला उतरली नव्हती.

नद्यांच्या गुणवत्तेचे आपले नियमित नमुने साधारण महिन्यातून एकदा घेतले जातात. दोन तासांचा पाऊस त्यात सापडला तर नशीब. म्हणून आपल्याकडे या विषयात हात घालणाऱ्याचं पहिलं मोठं काम मॉडेलचं नसेल, मोजण्याचं असेल. एक नाला, एक पावसाळा, दहा-पंधरा पाऊस, प्रत्येकात वेळेसकट नमुने. एवढं नीट केलेलं काम पुढे बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि पाच उत्तरं लिहा. अंदाज कोण वापरणार? निर्णय किती वाजता घेणार? कोणती घाण, कोणत्या जागी? तुमचा डेटा नेमकं काय मोजतो? आणि चूक झाली तर कोणाला भोगावी लागेल? ही पाच उत्तरं एका पानात मावली की मग मॉडेलचं नाव लिहा. गाइडपुढे जाताना तो कागद सोबत ठेवा.